बर्टनचं पाणी

लंडनचं सेंट पँक्रस स्टेशन. वर ट्रेन्स, खाली दुकानं, कॉफी, युरोस्टार पकडायला निघालेली गर्दी, आणि त्या गर्दीत मधे मधे उभे असलेले हे लोखंडी खांब. यातल्या दोन खांबांमधलं अंतर जरा नीट बघा, कारण ते ठरवताना प्रवाशांचा विचार कोणी केलाच नव्हता. १८६८ साली स्टेशन सुरू झालं तेव्हा हा अख्खा तळमजला म्हणजे बिअरचं गोदाम होता, आणि इंजिनिअर विल्यम बार्लोनी खांब कुठे उभे करायचे ते बिअरच्या पिंपाच्या मापावरून काढलं. पिंपांनी भरलेल्या वॅगन वरच्या रुळांवर यायच्या आणि हायड्रॉलिक लिफ्टनी खाली उतरवायच्या.

ही पिंपं यायची बर्टन अपॉन ट्रेंटहून. स्टॅफर्डशरमधलं, ट्रेंट नदीकाठचं गाव, लंडनपासून साधारण २०० किलोमीटर. १८८० च्या दशकात या एका गावात तीसच्या वर ब्रुअऱ्या, म्हणजे बिअर बनवायचे कारखाने, होत्या. बास, ऑल्सॉप, वर्थिंग्टन, सगळी बडी मंडळी इथलीच. ब्रुअऱ्यांचे स्वतःचे रेल्वे रूळ गावाच्या रस्त्यांवरून आडवे जायचे, फाटक पडलं की सगळं गाव थांबलेलं, आणि हा प्रकार १९६० च्या दशकापर्यंत चालू होता.

आता इथेच का? तर पाणी. आणि नदीचं नाही हां, विहिरींचं. या भागाच्या पोटात जिप्सम आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याच्या पीओपीवरून दर गणपतीत भांडणं होतात ते पीओपी ज्या खनिजापासून बनतं तेच. पाणी त्यातून मुरत येतं आणि येताना कॅल्शियम आणि सल्फेट घेऊन येतं. कॅल्शियममुळे फिकट माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, काम नीट होतं, बिअर स्वच्छ उतरते, आणि सल्फेटमुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडूपणा जिभेवर खणखणीत लागतो, रेंगाळत नाही. अस्सल बर्टन बिअरचा ग्लास नाकाजवळ नेलात तर आधी काडेपेटीची काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतो. नवखा माणूस नाक मुरडतो आणि जुना गिऱ्हाईक खूश होतो.

लंडनचं पाणी याच्या बरोबर उलट. तेही जडच, पण कार्बोनेटवालं, आणि त्यात फिकट बिअर केली तर कडूपणा रुक्ष लागतो. भाजलेल्या काळपट माल्टला मात्र तेच पाणी मानवतं, म्हणून अठराव्या शतकातलं लंडन पोर्टरवर चालायचं, काळी, दणकट बिअर, नाव पडलं ते ओझी वाहणाऱ्या हमालांवरून. ही बिअर महिनोन्महिने मुरवायला ब्रुअऱ्यांनी प्रचंड लाकडी टाक्या बांधल्या, तुझ्यापेक्षा माझी मोठी अशी चढाओढच लागली होती, आणि १७ ऑक्टोबर १८१४ ला टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या म्यू कंपनीच्या ब्रुअरीत अशीच एक बावीस फुटी टाकी फुटली. बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला, आठ जणं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं. चौकशीत दैवी आपत्ती म्हणून मोकळे झाले.

म्हणजे त्या काळात कुठल्या गावात कसली बिअर होणार हे बऱ्याच अंशी जमिनीखाली ठरायचं, मालकाला काय वाटतं हा नंतरचा प्रश्न.

आणि बर्टनचे मालक सुरुवातीला भारताचा विचार करतच नव्हते. त्यांचं गिऱ्हाईक रशिया. ट्रेंट नदीतून माल हल बंदरात, तिथून बाल्टिक समुद्रातून सेंट पीटर्सबर्ग, आणि बिअर कसली तर गोडसर, तपकिरी, चांगलीच स्ट्राँग. मग नेपोलियननी बंदरं बंद पाडली, त्यातून सावरतायत तोवर १८२२ मध्ये रशियानी जबरदस्त जकात बसवली आणि धंदा बसला.

इंडिया पेल एल म्हणजे आयपीएची गोष्ट इथे येते, आणि ती हल्ली सगळीकडे जरा जास्तच सोपी करून सांगतात. म्हणे प्रवासात बिअर नासायची म्हणून एका हुशार माणसानी भरपूर हॉप्स घातले आणि नवीन बिअर जन्माला आली. असं काही झालेलं नाही. पूर्व लंडनमध्ये बो इथे हॉजसनची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जवळच लागायची, आणि हॉजसन कप्तानांना तब्बल अठरा महिन्यांची उधारी द्यायचा. खरी हुशारी ती. बिअर फिकट, हॉप्स भरपूर, तशी इंग्लंडात आधीपासून होतच होती. पण केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिने जहाजाच्या पोटात हिंदकळत ती मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचायची तोवर अशी काही मुरायची की साहेब लोक खूश. साहेब म्हणजे अधिकारी आणि व्यापारी बरं का, साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला मुख्यतः पोर्टरच यायची, आपल्याकडच्या उन्हातसुद्धा.

पुढे हॉजसनकडच्यांना माज चढला, उधारी बंद, भाव वर, स्वतःच माल पाठवायला लागले. ईस्ट इंडिया कंपनीचा एक डायरेक्टर, कँपबेल मार्जोरीबँक्स, वैतागला आणि त्यानी बर्टनच्या सॅम्युएल ऑल्सॉपला गाठलं, की रशिया गेला तर गेला, भारत घे. ऑल्सॉपच्या माणसानी पहिलं सँपल चहाच्या किटलीत काढलं अशी कथा आहे, तिला तिखटमीठ किती लागलंय देव जाणे. पण बर्टनच्या पाण्यात ती फिकट बिअर हॉजसनपेक्षा सरस उतरली हे मात्र खरं, आणि बासनी लगेच मागोमाग उडी मारली. १८३९ मध्ये रेल्वे आली तशी तीच बिअर लंडनच्या पबमध्येही मिळायला लागली. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला १ नंबरचा नोंदणीकृत ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६. पॅरिसच्या बारचं माने या चित्रकाराचं १८८२ चं प्रसिद्ध चित्र आहे ना, त्यात काउंटरवर बासच्या बाटल्या आहेत, तो त्रिकोण चक्क दिसतो.

बर्टनची दुसरी खासियत म्हणजे युनियन, बिअर आंबवायची एक जोडणी. मोठमोठी ओक लाकडाची पिंपं ओळीनी आडवी टांगलेली, प्रत्येकातून एक बाकदार नळी वर जाते आणि वरच्या लांब पन्हळीत तोंड उघडते. बिअर आंबायला लागली की फेस नळीतून वर चढतो, पन्हळीत पडतो, यीस्ट तिथेच बसतं आणि खाली सुटलेली बिअर उतरत परत पिंपात. दिवसरात्र हेच, बुडबुड बुडबुड. धुवायला कटकट, लाकडाची डागडुजी करायला पिंपं बांधणारा कारागीर पगारावर ठेवा, जागा खाणार ती वेगळीच, पण बिअर नितळ आणि यीस्ट तगडं. उरलेलं यीस्ट किती निघत असेल याचा अंदाज यावरून करा, की १९०२ मध्ये मार्माइटचा, म्हणजे यीस्टपासून बनणाऱ्या, पावाला लावायच्या खारट काळ्या लगद्याचा, कारखाना याच गावात टाकला, ब्रुअऱ्यांचं यीस्ट वापरायला.

बर्टनच्या गुपिताला सुरुंग केमिस्टनी लावला. पाण्यात काय आहे ते एकदा कळल्यावर कोणीही आपल्या पाण्यात जिप्सम टाकावं आणि बर्टनसारखं करून घ्यावं, १८७० च्या दशकानंतर हे सर्रास झालं. मग पहिलं महायुद्ध, धान्याची टंचाई, कर वाढले, बिअर पातळ झाली. मोठ्यांनी छोट्यांना गिळलं, आणि १९६० च्या दशकात गार, गॅस भरलेली, पाश्चराइज केलेली केग, म्हणजे धातूच्या बंद पिंपातली, बिअर सगळीकडे एकाच चवीची. त्याला वैतागून १९७१ मध्ये चार मित्रांनी काम्रा ही चळवळ काढली, मागणी एवढीच की बिअर पिंपातच जिवंत, म्हणजे यीस्टसकट, राहू द्या, तळघरात बारा तेरा डिग्रीला, हातपंपानी ओढून द्या. ब्रिटिश बिअर कोमट असते म्हणून हसणाऱ्यांनी हे तापमान लक्षात ठेवा, कोमट नाही, फ्रिजमधली नाही इतकंच. अर्थात हातपंपाच्या तोंडाला बारीक भोकांची जाळी लावून वर दाट फेस आणायचा की नाही यावर यॉर्कशरवाले आणि दक्षिणेतले अजून भांडतात, दोघांपैकी कोणी माघार घेईल असं वाटत नाही.

बासनी युनियन १९८० च्या दशकातच बंद केली. मार्स्टन्सनी चिकाटीनी चालवली, पण विक्री घसरत गेली आणि २०२४ च्या सुरुवातीला त्यांच्याकडचीही थांबवायचं जाहीर झालं. पिंपं भंगारात जाणार असं दिसत असताना डर्बीशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनी एक सेट उचलून नेला, पन्हळीसकट, आणि तिथे तो पुन्हा चालू केला. या थॉर्नब्रिजची सगळ्यात गाजलेली बिअर एक आयपीए आहे, आणि तिचं नाव आहे जयपूर. जयपूरला बंदर कुठे होतं ते त्यांनाच विचारा.