ॲटलास म्हणण्याआधी गाव विचारा

श्रोतेहो, नमस्कार. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या चाकरमान्याच्या मोबाइलमध्ये एखादा फोटो हमखास निघतो: पडवीच्या भिंतीला चिकटलेला, विटकरी रंगाचा वीतभर पतंग. पुढच्या पंखांच्या टोकाला सापाचं तोंड रेखाटल्यासारखं दिसतं. चारही पंखांवर एकेक तिकोनी खिडकी असते. तिथे खवले नसतात, त्यामुळे मागचा चुना आरपार दिसतो. फोटोखाली नाव लिहिलेलं असतं, ॲटलास. मला वाटतं, हे नाव आपण फार घाईने देतो.

स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ मध्ये या पतंगाचं नामकरण केलं. पुढे ॲटॅकस हा स्वतंत्र वंश झाला. टसर रेशमाचा पतंग ज्या कुलातला, त्याच सॅटर्निडी कुलात तो मोडतो. १९८९ मध्ये कीटकतज्ज्ञ रिचर्ड पिग्लर यांनी या वंशाचा सगळा पसारा नव्याने तपासला. मूळ ॲटलास हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारतामार्गे पार इंडोनेशियापर्यंत सापडतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेत मात्र टॅप्रोबॅनिस ही वेगळी जात आहे. अंदमानात आणखी वेगळी. सुलावेसीत एरेबस, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला वार्डाय.

बेटागणिक जात का बदलावी? या पतंगाला खायला तोंडच नाही. अळीने साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडाभर जगतो. मादी अंड्यांनी जड झालेली असते, ती कोशाजवळच गंध सोडत बसते. नर पिसासारख्या मिशांनी तो हुंगत येतो. असा जीव समुद्र ओलांडणार कसा? त्यामुळे जो जिथे अडकला, तो तिथलाच होऊन वेगळा घडत गेला असणार.

म्हणूनच आपल्या मुंबईत, हॉर्नबिल हाउसमध्ये बीएनएचएसने, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जपलेल्या कीटकसंग्रहासारख्या ठेव्यात टाचणीखालची ती चिमुकली चिठ्ठी मला पंखांइतकीच मोलाची वाटते. तीवर ठिकाण आणि तारीख असते. रंग फिका पडतो, पंख झिजतात. ठिकाण कळलं तर जात ठरवायला आधार मिळतो.

तेव्हा यंदा फोटो पाठवाल, तर गाव, तालुका आणि तारीख जरूर लिहा. कोश दिसला तर तोडू नका. तो कोणत्या झाडावर आहे, तेवढं टिपून ठेवा.