दोन वर्षं मागितली, एक मिळालं

(दृश्य: पॅरिसजवळचं स्ताद द फ्रान्स. संध्याकाळ. पिवळ्या शर्टातला आर्सेनलचा संघ.)

१७ मे २००६. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना, लंडनचं आर्सेनल विरुद्ध स्पेनचं बार्सिलोना. १८ व्या मिनिटाला बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो एकटाच गोलच्या दिशेने सुटतो आणि आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेमान त्याला पेनल्टी क्षेत्राबाहेर पाडतो. लाल कार्ड. राखीव गोलरक्षक मान्युएल अल्मुनिया आत यायचा, तर उरलेल्या दहांपैकी कुणाला तरी बाहेर बोलवावं लागणार. रेषेवर पाटी वर होते. तिच्यावर आकडा आहे ७.

सात नंबर म्हणजे रॉबेर पिरेस. वय ३२. सामना त्याच्या देशात, त्याच मैदानावर, जिथे १९९८ साली फ्रान्सने विश्वचषक उचलला तेव्हा तो संघात होता. कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्लब सामना, आणि तो त्याला वीस मिनिटंही खेळायला मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट होती. आर्सेनलशी त्याचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, आणि नव्या करारावर सही झालेली नव्हती. पिरेसला दोन वर्षं हवी होती. क्लब एकच वर्ष देत होता.

(दृश्य: हायबरी, आर्सेनलच्या तेव्हाच्या स्टेडियमची जुनी छायाचित्रं.)

पिरेस २००० साली मार्सेहून लंडनला आला. डाव्या बाजूने आत सरकत खेळायचा, धावतोय की फिरायला निघालाय असा प्रश्न पडावा इतक्या सहज. २००२ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि विश्वचषक हुकला. मे महिन्यात हायबरीवर लीगचा चषक त्याच्या हातात आला, तेव्हा सगळे सहकारी त्याच्यासमोर वाकून नमस्कार घालत होते. गमतीत घालत होते, पण उगाच नाही. त्या संघाचं खरं इंजिन आघाडीवर खेळणाऱ्या थिएरी ऑन्रीइतकंच पिरेसही होता, असं माझं मत आहे. २००३ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, त्याच्या एकमेव गोलवर जिंकला. २००३-०४ मध्ये आर्सेनल अख्खी लीग एकही सामना न हरता जिंकलं, त्यातही तो होता. एकूण २८४ सामने, ८४ गोल. मधल्या फळीतल्या खेळाडूसाठी हा आकडा भारी आहे.

मग अशा माणसाला एकच वर्ष का?

कारण आर्सेनलचा नियमच तसा होता. तिशी ओलांडली की एका वेळी एकाच वर्षाचा करार. व्यवस्थापक आर्सेन वेंगर स्ट्रासबूर्ग विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे पदवीधर, आणि हा नियम अर्थशास्त्रातूनच आलेला. तिशीनंतर खेळाडूचा पगार शिखरावर असतो आणि पाय उताराला लागलेले असतात. दोन-तीन वर्षांचा करार दिला आणि पहिल्याच वर्षी पाय थकले, तर उरलेला पगार क्लबच्या गळ्यात. विकायला जावं तर तेवढा पगार द्यायला कुणी तयार नाही. संघातल्याच डेनिस बर्गकाम्पने हे निमूटपणे मान्य केलं. शेवटची काही वर्षं एकेक वर्ष वाढवत तो ३७ व्या वर्षापर्यंत टिकला.

खेळाडूची बाजूही ऐकायला हवी. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू युरोपात कुठेही मोकळा जाऊ शकतो, नव्या क्लबला जुन्या क्लबला ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडूची किंमत, द्यावी लागत नाही. ती रक्कम वाचते, म्हणून नवा क्लब जास्त वर्षं देऊ करतो. बत्तिशीतल्या खेळाडूचा हा बहुधा शेवटचा मोठा करार. एक वर्ष घेतलं आणि त्यातच गुडघा गेला, तर पुढच्या वर्षी फोन कोण उचलणार?

थोडक्यात, भांडण पैशापेक्षा जोखमीचं होतं. शरीर दगा देणार असेल तर तो तोटा कुणी सोसायचा?

(दृश्य: एमिरेट्स स्टेडियमचं बांधकाम. क्रेन, काँक्रीट.)

वेळही तशीच होती. आर्सेनल हायबरी सोडून साठ हजार आसनांच्या नव्या स्टेडियममध्ये चाललं होतं. खर्च ३९ कोटी पौंड, बराचसा कर्जाचा. क्लब पै-पैचा हिशेब करत होता. ७ मे २००६ ला हायबरीवरचा शेवटचा सामना झाला, विगनविरुद्ध. ऑन्रीची हॅट्‌ट्रिक सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण त्या दिवशीचा पहिला गोल पिरेसचा होता. दहा दिवसांनी पॅरिस.

तिथे वेंगरांनी त्याला काढलं, हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. दहा जणांनी बार्सिलोनाला थोपवायचं तर पळणारे पाय हवेत, आणि पिरेस पळण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. सॉल कॅम्पबेलच्या हेडरवर आर्सेनलने आघाडीही घेतली.

पण त्या रात्रीचा उत्तरार्ध बघा. बार्सिलोनाच्या बाकावरून हेन्रिक लार्सन उतरला. स्वीडनचा. वय ३४. त्याचाही करार त्याच उन्हाळ्यात संपत होता, आणि आपण मायदेशी परतणार हे त्याने डिसेंबरातच सांगून टाकलं होतं. आधी एटोला गोल करून दिला, मग जुलियानो बेलेट्टीला. बार्सिलोना २-१ ने जिंकलं. तिशीच्या नियमाने बघितलं तर लार्सन हा खर्चाच्या बाजूचा आकडा. अर्ध्या तासात त्याने युरोपचा चषक फिरवला.

पिरेसने ती बदली मनाला लावून घेतली. काही दिवसांतच त्याने स्पेनच्या व्हियारेआलशी करार केला. दोन वर्षांचा. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव, फरशा आणि टाइल्सच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं. त्याच व्हियारेआलला हरवून आर्सेनल पॅरिसला पोचलं होतं.

(दृश्य: व्हियारेआलचं पिवळं मैदान. रिकाम्या खुर्च्या.)

आता जी गोष्ट घडली ती वेंगरांच्या वकिलाने लिहावी अशी आहे. ऑगस्ट २००६, हंगामाआधीचा मैत्रीपूर्ण सामना. पिरेसचा गुडघा पुन्हा गेला. जवळपास सात महिने बाहेर. आर्सेनलने दोन वर्षं दिली असती, तर पहिलं वर्ष जवळजवळ पाण्यात गेलं असतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००७-०८ मध्ये व्हियारेआल स्पॅनिश लीगमध्ये दुसरं आलं, बार्सिलोनाच्या तब्बल १० गुणांनी पुढे. पिरेस त्या संघात नियमित खेळत होता. करार वाढला, तो चार हंगाम तिथे राहिला. एप्रिल २००९ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत तो एमिरेट्सवर पाहुण्यांच्या शर्टात आला. आर्सेनल ३-० ने जिंकलं, आणि आर्सेनलच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हा तो ३५ चा होता.

आणि ज्याला आर्सेनलने २००६ च्या त्याच मे महिन्यात आणलं, तो २५ वर्षांचा टोमास रोसित्स्की? खेळाडू देखणा. पण जानेवारी २००८ मध्ये जखमी झाला तो परतला सप्टेंबर २००९ मध्ये. दुखापत जन्मतारीख विचारून येत नाही.

भाकरी वेळेवर फिरवली नाही तर करपते, हे आपल्याकडे राजकारणापासून क्रिकेटपर्यंत सगळे ऐकवतात. अर्धी कच्ची उतरवली तर काय होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

म्हणजे नियमच टाकाऊ? तसंही नाही. पुढे याच आर्सेनलने हात सैल सोडला. २०१८ च्या सुरुवातीला २९ वर्षांच्या मेसुत ओझिलला २०२१ पर्यंतचा भलामोठा करार दिला. २०२० च्या ऑक्टोबरात त्याला लीगच्या यादीतूनच वगळावं लागलं. त्याआधी महिनाभर ३१ वर्षांच्या पिएर-एमेरिक ऑबामेयांगला तीन वर्षं दिली होती. एफए कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही गोल त्याचेच होते, चाहते सहीसाठी देव पाण्यात घालून बसले होते. दीड वर्षाच्या आत कर्णधारपद गेलं आणि करारही मोडीत निघाला. भावनेच्या भरात दिलेली वर्षं अशी महागात पडतात.

रेआल माद्रिदने उलट टोक गाठलं. २०२१ मध्ये ३५ वर्षांच्या सर्जिओ रामोसला एक वर्ष देऊ केलं, तेही पगारकपातीसह. त्याला दोन हवी होती. शेवटी तो एकावर तयार झाला, तर उत्तर आलं की प्रस्तावाची मुदत संपली. सोळा वर्षांच्या सेवेनंतर हे त्याने स्वतः पत्रकारांसमोर सांगितलं.

माझं मत विचाराल तर पिरेसशी पुन्हा बोलणी व्हायला हवी होती, आणि मार्गही होता. फुटबॉलच्या करारांत एक जुनं कलम असतं : ठरावीक सामने खेळलात तर पुढचं वर्ष आपोआप लागू. पहिल्या वर्षाची हमी क्लबने घ्यायची, दुसरं खेळाडूने मैदानावर कमवायचं. गुडघा गेला तर क्लब मोकळा, टिकला तर खेळाडू सुरक्षित. पगाराचा काही भाग प्रत्येक सामन्यामागे ठेवला की हिशेब आणखी सोपा. यात क्लबला फक्त एक गोष्ट सोडावी लागते, ती म्हणजे सगळ्यांना एकच फूटपट्टी लावण्याची सोय. पिरेससारख्याचा खेळ वेगावर उभा नव्हता, तो नजरेवर आणि पहिल्या स्पर्शावर उभा होता. वेगावर जगणारा बगलेचा खेळाडू आणि तो, दोघांचं वय सारखं मोजून कसं चालेल?

(दृश्य: मडगाव. फातोर्ड्याचं स्टेडियम.)

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा एफसी गोवाने आपला मुख्य परदेशी खेळाडू म्हणून आणला तो निवृत्त झालेल्या रॉबेर पिरेसला. प्रशिक्षक होते झिको. त्या ऑक्टोबरात तो ४१ चा झाला. स्पर्धा होती १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर, म्हणजे दहा आठवडे. आर्सेनलने देऊ केलेल्या त्या एका वर्षापेक्षा हा हंगाम बराच छोटा होता, आणि या वेळी त्याने सही केली.