विम्बल्डनच्या माळावरची निवड चाचणी

श्रोते हो, नमस्कार. फुटबॉलचा क्लब नेमका कोणाचा, हा प्रश्न आज आपल्यापुढे मांडायचा आहे, आणि त्यासाठी विम्बल्डनच्या गोष्टीइतकी बोलकी गोष्ट मला दुसरी ठाऊक नाही. विम्बल्डन म्हटले की आपल्याला टेनिस आठवते. परंतु लंडनच्या त्याच उपनगरात १८८९ मध्ये एक फुटबॉल क्लबही सुरू झाला होता. हौशी खेळाडूंचा हा क्लब एकेक श्रेणी चढत १९८६ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १४ मे १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर बलाढ्य लिव्हरपूलला एका गोलने हरवून त्याने एफए चषक ही इंग्लंडची मानाची स्पर्धा जिंकली. लॉरी सांचेझने डोक्याने मारलेला गोल आणि डेव्ह बीझंटने अडवलेली जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी तिथल्या घराघरांत आजही सांगितली जाते.

त्यानंतर १९९१ मध्ये क्लबने प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले आणि तो दुसऱ्याच क्लबच्या मैदानावर खेळू लागला. पुढे मालक बदलले, २००० मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतून, खाली घसरला आणि ऑगस्ट २००१ मध्ये असे जाहीर झाले की, सुमारे ९० किलोमीटर दूरच्या मिल्टन कीन्स शहरात तो हलवण्यात येईल. पाठीराख्यांनी कडाडून विरोध केला. अखेर प्रकरण इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगापुढे गेले आणि २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतराला परवानगी मिळाली. विम्बल्डनमध्ये पाठीराख्यांनी नवा क्लब उभारणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही आयोगाने आपल्या अहवालात लिहून ठेवले. ज्यांचा क्लब होता, त्यांच्या मताला किंमत नव्हती.

आता यापुढचा भाग मी कितीही वेळा सांगू शकतो. दोनच दिवसांनी पाठीराख्यांनी सभा घेतली आणि नवा क्लब काढण्याचे ठरवले. त्यांच्याजवळ खेळाडू नव्हते, मैदान नव्हते, अंगात घालायला जर्सीसुद्धा नव्हती. २९ जून रोजी त्यांनी विम्बल्डन कॉमनवर, म्हणजे जिथे एरवी लोक कुत्री घेऊन फिरायला येतात त्या सार्वजनिक माळावर, निवड चाचणी ठेवली. कोणत्याही क्लबशी करार नसलेल्या आणि आपल्याला खेळता येते असे वाटणाऱ्या कोणीही यावे, एवढीच अट होती. त्या दिवशी २३० खेळाडू आले. श्रोते हो, पुन्हा सांगतो, दोनशे तीस! त्यांच्यातूनच एएफसी विम्बल्डन या नव्या क्लबचा पहिला संघ उभा राहिला. १० जुलै रोजी सटन युनायटेडविरुद्धचा पहिला सामना त्यांनी ४-० असा गमावला, पण तो पाहायला ४,६५७ माणसे आली होती. नवव्या श्रेणीत खेळणाऱ्या या क्लबच्या सामन्यांना त्या हंगामात सरासरी ३,००० हून अधिक प्रेक्षक लाभले, आणि ही सरासरी कितीतरी वरच्या श्रेणीत खेळणाऱ्या मूळ क्लबपेक्षा जास्त होती. फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ या काळात लीगमधले सलग ७८ सामने ते हरले नाहीत. नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवून २०११ मध्ये त्यांनी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या श्रेणीत, प्रवेश केला, आणि ३ नोव्हेंबर २०२० रोजी ते प्लाउ लेनवर परतले, जुन्या मैदानापासून अगदी हाकेच्या अंतरावर उभारलेल्या नव्या मैदानात. कोविडमुळे त्या संध्याकाळी गॅलऱ्या रिकाम्या होत्या. इतकी वर्षे ज्यांनी पदरचे पैसे घातले, त्यांनी हा सामना घरीच पाहिला, याचे मला आजही वाईट वाटते.

हे सारे कसे साधले, ते थोडक्यात सांगतो. या क्लबची मालकी पाठीराख्यांच्या विश्वस्त संस्थेकडे आहे. जर्मनीत मतदानाचे निम्म्याहून अधिक हक्क क्लबच्या सदस्यांच्या हाती ठेवण्याचा नियम आहे आणि त्याला मोजकेच अपवाद आहेत. इंग्लंडमध्ये मात्र फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा होण्यास २०२५ साल उजाडावे लागले. सामन्यांच्या वेळा दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरतात, याकडेही अशा नियामकाने पाहावे, असे मला आग्रहाने वाटते. सामना संपल्यावर घरी जायला शेवटची गाडी मिळते की नाही, हा प्रेक्षकाच्या दृष्टीने लहान प्रश्न नाही.

कोल्हापूरच्या श्रोत्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब हे स्थानिक संघ समोरासमोर येतात, तेव्हा त्यांतला एखादा संघ उचलून दुसऱ्या गावी नेण्याचा विचारही कोणाच्या मनाला शिवत नाही, कारण संघ पेठेचा असतो. पुण्याची गोष्ट मात्र वेगळी झाली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबर सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. गोव्यात तर पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या धेंपो क्लबसह साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले, आणि पिढ्यानपिढ्या त्यांच्यासाठी घसा कोरडा करणारे गोंयकार पाहत राहिले.

म्हणून आपल्या महासंघाकडे माझी एकच मागणी आहे. क्लबचे नाव, गाव किंवा रंग बदलायचा असेल, तर आधी त्याच्या नोंदणीकृत पाठीराख्यांचे मतदान घ्यावे आणि ते मत मालकावर बंधनकारक असावे. बालेवाडीच्या गॅलरीत नारंगी जर्सी घालून बसणाऱ्या ऑरेंज आर्मीला, म्हणजे एफसी पुणे सिटीच्या पाठीराख्यांना, २०१९ मध्ये असा हक्क देणारे एकही कलम नव्हते.