पहाटेचा झटका: घड्याळ नेमकं कुठून मोजायचं?

नमस्कार मंडळी. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर फिरायला जाणारे आजोबा आज उठले ते तोंड वाकडं घेऊनच. बोलणं जड, चहाची बशी डाव्या हातातनं निसटली. घरचे दवाखान्यात सांगतात, "आत्ताच झालं." हा मेंदूचा झटका, म्हणजे लकवा (स्ट्रोक), आणि घोळ इथंच होतो.

वेळ मोजायची ती माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री साडेदहाला नीट बोलून झोपले असतील, तर साडेदहाच सांगा. मेंदूच्या नसेतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देतात. वेळ टळली म्हणून घरी मात्र बसू नका. झोपेत आलेला झटका ताजा आहे का, याचा अंदाज एमआरआयवरून येतो. मोठी नस तुंबली असेल, तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेनं गुठळी काढता येते. तेव्हा १०८ लावा. पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनही नको, गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

पण सकाळीच का? मेंदूत सुमारे २० हजार पेशींचं, शरीराची दिवस-रात्रीची लय सांभाळणारं एक घड्याळ आहे. उठायच्या सुमारास कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, बीपी चढतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट होतात, गुठळी विरघळवायची शरीराची ताकद कमी पडते. म्हणून सकाळी ६ ते १२ धोका जास्त. रात्री बीपी १० ते २० टक्के उतरायला हवं. वय वाढलं, शुगर असली, घोरताना श्वास अडकत असला, की ते उतरेनासं होतं. दुपारी ओपीडीत मोजलेल्या बीपीत हे दिसत नाही, २४ तासांच्या मशीनमध्ये दिसतं. बीपीची गोळी सकाळची रात्री करून काही साधतं का? २०२२ साली ब्रिटनमधल्या २१ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत फरक दिसला नाही. न चुकता घ्या, एवढंच.

आता पेशंट दवाखान्यातनं घरी आल्यावर काय करायचं ते. म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश कमी पोचतो, घड्याळ ढिलं होतं. त्यात आपण दिवसा पडदे ओढून ठेवतो आणि रात्रभर ट्यूबलाइट! उलटं करा. सकाळी अर्धा तास सोप्यात उजेडाला खुर्ची टाका. फिजिओथेरपी पेशंट तरतरीत असेल त्या वेळेला ठेवा. पेंगणाऱ्याचा हात नुसता हलवून मेंदू फारसा शिकत नाही. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची, तीनच्या आत. रात्री दिवा बंद, फक्त बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत झिरोचा पिवळा बल्ब, नाहीतर अंधारात पाय अडखळून खुब्याचं हाड मोडायचं.