कालवं, सोनं आणि हेन्री वेल्स

मंडळी, बँकेच्या संस्थापकाचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे तिजोरी येते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचा एक संस्थापक हेन्री वेल्स, त्याचं नाव घेतलं की मला कालवं आठवतात. कोकणातले श्रोते हसताहेत, हसू द्या. तुम्हाला ती ओहोटीला खडकावर मिळतात. १८४१ साली एरी सरोवराकाठच्या बफेलोत ताजं कालव मिळणं म्हणजे नवलच होतं. तिथल्या एका खानावळवाल्याने वेल्सला विचारलं, पूर्वेकडच्या ऑल्बनी शहराहून आणून देशील का? वेल्स म्हणाला, पैसे दिलेस तर आणतो. शंभर कालवांना ३ डॉलर पडले आणि ती आली त्या दिवशी गावभर तोच विषय.

ऑल्बनी ते बफेलो हा प्रवास तेव्हा चार रात्री आणि तीन दिवसांचा. थोडं अंतर आगगाडीने, मग रूळ संपले की घोडागाडी, पुन्हा आगगाडी, पुन्हा घोडागाडी. वेल्स दर आठवड्याला ही फेरी स्वतः मारायचा. पाकिटं, नोटा, दागिने, जे लोक विश्वासाने हातात देतील ते घेऊन जायचं आणि सांगितल्या माणसाच्या हातात द्यायचं. आपल्या मुंबईत अंगडिया करतो तेच. याला तिकडे 'एक्सप्रेस' म्हणत.

हा धंदा त्याने शोधला नव्हता. १८३९ मध्ये विल्यम हार्नडेन नावाचा तरुण बॉस्टन-न्यूयॉर्क फेऱ्या करू लागला होता आणि वेल्स त्याचा ऑल्बनीतला एजंट. वेल्सने सुचवलं, बफेलोपर्यंत जाऊ, मग त्याच्याही पश्चिमेला. हार्नडेनचं उत्तर साधारण असं, की रॉकी पर्वतापर्यंत एक्सप्रेस न्यायची हौस असेल तर स्वतःच्या हिमतीवर ने, मी जिथे धंदा आहे तिथेच जातो. वेल्सने हे शब्दशः मनावर घेतलं! मला त्याच्या आयुष्यात हीच गंमत दिसते. त्याच्या कंपन्या कुणाच्या तरी 'यापुढे नको'तून उभ्या राहिल्या.

तसा तो पाद्र्याचा मुलगा, १८०५ मध्ये व्हर्माँटमध्ये जन्मलेला. चांभारकाम आणि कातडी कमावणं शिकला. बोलताना अडखळायचा. तरी काही वर्षं त्याने तोतरेपणा घालवण्याचे वर्ग चालवले. स्वतःची जीभ अडखळते आणि फी दुसऱ्यांकडून घेतो! त्याचा आत्मविश्वास मात्र मानावा लागेल.

पुढे तो थेट सरकारशी भिडला. न्यूयॉर्क-बफेलो पत्राला पोस्ट २५ सेंट घेई, वेल्सने ६ सेंट लावले. खाजगी टपाल नेल्याबद्दल त्याच्या माणसांना अटका झाल्या, तेव्हा गावोगावचे लोक जामीन राहायला पुढे आले. १८४५ मध्ये अमेरिकी संसदेने ३०० मैलांपर्यंतचा दर ५ सेंटवर आणला. त्यात एकट्या वेल्सचा वाटा होता असं मी म्हणणार नाही, बाकीचेही खाजगी टपालवाले होते. पण त्याचा धक्का पोस्टाला बसला होता.

१८५० मध्ये तीन भांडखोर प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि अमेरिकन एक्सप्रेस ही कंपनी झाली. अध्यक्ष वेल्स. तोवर कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं. वेल्स आणि त्याचा भागीदार विल्यम फार्गो म्हणाले, तिकडे जाऊ. संचालकांतले जॉन बटरफिल्ड वगैरे म्हणाले, नको. पुन्हा तेच! मग १८ मार्च १८५२ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टर हाऊस हॉटेलात वेल्स, फार्गो अँड कंपनी जन्माला आली, भांडवल ३ लाख डॉलर.

इथे हमाली आणि सावकारी एक झाली. खाणीवरचा माणूस सोन्याची पूड घेऊन येई. एजंट तराजूत तोलून कस बघे, भाव ठरवी. पूड विकत घेई, किंवा पावती देऊन ठेवून घेई, किंवा न्यूयॉर्कवर ड्राफ्ट लिहून देई. आपल्याकडच्या हुंडीसारखा. सोनं पनामामार्गे बोटीने पूर्वेला. बँकेसाठी वेगळी इमारत लागलीच नाही, तो तराजू हीच बँक.

फेब्रुवारी १८५५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बँकांवर झुंबड उडाली. बलाढ्य ॲडम्स कंपनी बुडाली. वेल्स फार्गोनेही दारं लावली, पण थोड्याच दिवसांत उघडली, आणि मैदान जवळजवळ मोकळं मिळालं. या यशात कर्तबगारीइतकाच प्रतिस्पर्ध्याच्या दिवाळखोरीचाही हात होता, हे कंपनीच्या गौरवकथांत जरा दबक्या आवाजात येतं.

१८६८ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसचं अध्यक्षपद फार्गोकडे गेलं. त्याच वर्षी वेल्सने ऑरोरा गावी, कयुगा सरोवराकाठी, मुलींसाठी कॉलेज सुरू केलं, जागा आणि इमारत स्वतःची दिली. मुलींना पदवी कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. १० डिसेंबर १८७८ रोजी, ७३वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तो ग्लासगोत वारला. ऑरोराला त्याला पुरलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी वेल्स फार्गोच्या घोडागाडीत बसून मिरवत. २००५ पासून तिथे मुलगेही आले. २०२४ मध्ये पैशाअभावी कॉलेज बंद झालं.