नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अडखळणारा ब्राउझर

मित्रहो, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकल्यावर ब्राउझर नीट चालेनासा झाला, की बहुतेक जण तो काढून पुन्हा टाकतात आणि दोष तसाच राहिला तर तेच पुन्हा करतात. माझे म्हणणे असे, की अशा वेळी दोष बहुधा ब्राउझरच्या खाली असतो. ब्राउझर संगणकाचे घड्याळ, संकेतस्थळांची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचा साठा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारा प्रोग्रॅम) आणि वापरकर्त्याचे साठवलेले पासवर्ड उलगडणाऱ्या गुप्त किल्ल्या यांवर विसंबून असतो, आणि सिस्टिम नव्याने टाकताना नेमक्या याच गोष्टी बदलतात किंवा पुसल्या जातात. म्हणून आधी एकच पाहावे: बिघाड एका ब्राउझरमध्ये आहे की सगळ्यांत?

सगळ्यांत असेल आणि जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ उघडताना कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना येत असेल, तर तारीख तपासावी, आणि तारखेबरोबर वर्षही. प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरीची तारीख असते. संगणकाचे घड्याळ त्या मुदतीबाहेर गेले, की निर्दोष प्रमाणपत्रही अवैध ठरते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली असेल, तर वेळ लावून दिल्यावर सगळे सुरळीत होते, पण यंत्राचा वीजपुरवठा तोडला की तीच तक्रार परत येते. ती सूचना डावलून पुढे जाण्याची सवय मात्र कोणी लावून घेऊ नये, कारण खरा धोका असेल तेव्हाही सूचना तशीच दिसते.

तारीख बरोबर असूनही अडत असेल, तर सिस्टिम किती जुनी आहे ते पाहावे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे पूर्वी ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली आणि ज्या सिस्टिमपर्यंत नवे मूळ प्रमाणपत्र पोहोचले नव्हते, त्यांवर असंख्य संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. फायरफॉक्स प्रमाणपत्रांचा साठा स्वतःबरोबर आणतो. त्यामुळे तो चालला आणि सिस्टिमच्या साठ्यावर अवलंबून असलेला ब्राउझर अडला, तर दोष कुठे आहे ते कळते. क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची आहे, हेही लक्षात असू द्यावे.

पान काळे दिसणे, स्क्रोल करताना चित्र फाटणे, व्हिडिओ अडखळणे ही लक्षणे ड्रायव्हरची. हार्डवेअर ॲक्सेलरेशन, म्हणजे चित्र रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची ब्राउझरमधील सोय, बंद करून पाहावे. लक्षण गेले, तर ग्राफिक्सचा योग्य ड्रायव्हर टाकावा आणि ती सोय पुन्हा चालू करावी.

बिघाड एकाच ब्राउझरमध्ये असेल, तर बहुधा प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि सेटिंग्ज ठेवणारे ब्राउझरचे फोल्डर, तपासावे लागते, आणि माझ्या मते माणसाचे खरे नुकसान होते ते इथेच. नवे, कोरे प्रोफाइल काढून पाहावे. ते नीट चालले, तर जुन्या सिस्टिमवरून आणलेल्या फोल्डरमध्ये दोष आहे. फायरफॉक्सने २०१९ साली ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळे प्रोफाइल द्यायला सुरुवात केली, म्हणून वेगळ्या जागी टाकलेला फायरफॉक्स रिकामा उघडतो आणि माणूस सगळे गेले असे समजून हताश होतो, वास्तविक जुने प्रोफाइल डिस्कवर शाबूत असते आणि प्रोफाइलच्या यादीतून निवडता येते. नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला तो नकार देतो. तेव्हा प्रोफाइल न पुसता ब्राउझर अद्ययावत करावा.

पासवर्डची गोष्ट वेगळी आहे. फायरफॉक्समध्ये पासवर्डची फाइल आणि तिच्या किल्लीची फाइल ही जोडी प्रोफाइलमध्येच असते, त्यामुळे दोन्ही सोबत आणल्यास पासवर्ड परत मिळतात. विंडोजवरील क्रोममध्ये किल्ली विंडोजच्या त्या खात्याशी बांधलेली असते. म्हणून नव्या सिस्टिमवर नुसते फोल्डर आणले, तर बुकमार्क दिसतात, कारण ते साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, पण पासवर्ड उलगडत नाहीत. ते आधीच सिंक केलेले किंवा निर्यात केलेले असावे लागतात. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज टाकले असेल, तर जुना पसारा ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये सापडतो. विंडोज १० आणि ११ मध्ये तो साधारणतः १० दिवसांनी आपोआप पुसला जातो. त्यामुळे बाकी दुरुस्तीला हात घालण्याआधी त्यातले प्रोफाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावे.