चार किलोमीटरची डिझेल गाडी

(दृश्य : खंबाटकी घाट, सकाळ. ट्रकांची रांग. कडेला उभी पांढरी गाडी.)

निवेदन : पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट. सकाळचे साडेसहा. घाट चढणाऱ्या ट्रकांच्या डाव्या बाजूला ही गाडी चारही इंडिकेटर लावून उभी आहे. इंजिन चालू आहे. आवाज रोजचाच, धूर नाही, पाणी तापलेलं नाही. तरी अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला की इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा अडीच हजारांपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. गाडी ओढतच नाही.

(दृश्य : डॅशबोर्ड, अगदी जवळून.)

काट्याखाली इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागलाय. त्याच्या शेजारी आणखी एक चिन्ह आहे : मधे डबा, दोन्ही बाजूंना नळी, डब्यात ठिपके. हे चिन्ह आठवडाभर दिसत होतं, असं मालक सांगतात. गाडी व्यवस्थित चालत होती, म्हणून त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आज कुटुंबाला घेऊन गावी निघाले आणि चढावर गाडीचा पिकअप गेला. मागून भरलेला ट्रक येत असताना वेग असा एकाएकी पडला, तर काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको.

(दृश्य : टोइंगच्या गाडीवर चढवलेली कार. पुण्यातलं गॅरेज. स्टिअरिंगखाली हात घालणारा मेकॅनिक.)

स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, हे सोळा पिनांचं सॉकेट असतं. मेकॅनिक त्यात स्कॅनर लावतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या गाडीत असं सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडे गाडीने स्वतःचा बिघाड स्वतः नोंदवण्याचा नियम २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. बिघाड नोंदवला गेला की पिवळा दिवा लागतो. नेमकं काय बिघडलंय ते दिवा सांगत नाही, त्यासाठी कोड वाचावा लागतो.

(दृश्य : स्कॅनरचा पडदा.)

पडद्यावर आलंय : पी-२४६३. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचे आकडे सांगतात की डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या काजळीच्या गाळणीत, काजळी मर्यादेबाहेर साठली आहे. मग गाडीच्या कॉम्प्युटरने इंजिन वाचवायला टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या भागाचा, दाब उतरवला आणि ताकद तोडली. गॅरेजात याला ‘गाडी लिंप मोडला गेली’ म्हणतात. घाटात जे झालं ते असं ठरवून झालेलं होतं. गाडीने आठवडाभर मालकाला कल्पना दिली होती. त्या कल्पनेचा अर्थ मात्र त्यांना कुणी समजावून दिला नव्हता.

(दृश्य : करवतीने मधोमध कापलेली जुनी गाळणी. मेकॅनिकचं बोट तिच्यावरून फिरतं.)

ही दुसऱ्या एका गाडीतून निघालेली गाळणी, दाखवायला म्हणून कापून ठेवलेली. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक नळ्या आहेत. एक नळी पुढून बंद, तिच्या शेजारची मागून बंद. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसते, मग सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. काजळी भिंतीवर राहते. बोट बघा. इंजिनाकडच्या बाजूवरून फिरवलं तर कोळशासारखं काळं. बाहेरच्या बाजूवरून फिरवलं तर जवळजवळ कोरडं, स्वच्छ. ही काळी पूड या गाळणीत अडकली नसती तर आपल्या छातीत गेली असती.

गाळणी भरली की ती जाळून रिकामी करावी लागते. गाडी हे आपणहून करते. इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल सोडते, त्याने गाळणीचं तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढतं आणि काजळी जळून जाते, मागे चिमूटभर राख उरते. याला रिजनरेशन म्हणतात, गॅरेजच्या बोलीत ‘रिजन’. मात्र ते पूर्ण व्हायला गाडी साधारण पंधरा-वीस मिनिटं सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते.

या मालकांचं ऑफिस घरापासून चार किलोमीटरवर आहे.

(दृश्य : मगरपट्ट्याच्या बाहेरची सकाळची गर्दी. ब्रेकलाइटची लांबच लांब रांग.)

चार किलोमीटर जायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि त्यातली निम्मी उभ्या उभ्या जातात. इंजिन धड तापायच्या आत पार्किंग येतं. गाडीने रिजन सुरू केलं आणि मालकाने किल्ली फिरवली, की ते अर्धवट राहतं. संध्याकाळी पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. असं अकरा महिने चाललं.

(दृश्य : ऑइलची डिपस्टिक, जवळून. फडक्याने पुसून पुन्हा बुडवतात.)

त्या अर्धवट रिजनचं डिझेल कुठे जातं ते इथे दिसेल. डिपस्टिकवर वरची खूण इथे आहे, आणि ऑइल तिच्याही वर चढलंय. गाडी ऑइल खाते हे आपण ऐकून असतो, इथे ते वाढलंय. मेकॅनिक डिपस्टिक नाकाजवळ नेतो, मग आमच्याकडे करतो. डिझेलचा वास स्पष्ट येतो. न जळलेलं ते डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. पातळ झालेल्या या ऑइलवर इंजिनाची आणि टर्बोची बेअरिंगं फिरत होती.

(दृश्य : गॅरेजच्या मागचं अंगण. पाचोळा झाडून काढतात. गाडी उभी, बॉनेट उघडं.)

ऑइल आणि फिल्टर बदलून झाले. आता स्कॅनरवरून जबरदस्तीचं रिजन. आधी सायलेन्सरमागचा पाचोळा झाडून घेतात, कारण तिथून निघणाऱ्या झळीने तो पेटू शकतो. गाडीत कुणी बसलेलं नाही, तरी इंजिनाचा आवाज आपोआप चढतो. रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने घोंघावतो. सायलेन्सरमागची भिंत बघा, हवा तापून ती पाण्यात पाहिल्यासारखी हलतेय. पडद्यावर गाळणीचं तापमान चढत जातं : ३८०, ४६०, ५७०, ६१०. काजळीचा आकडा उतरू लागतो. अर्धा तास कुणी फारसं बोलत नाही.

सगळ्याच पिवळ्या दिव्यांचं कारण हे नसतं, आणि कोड न वाचता गाळणीवर खापर फोडणंही चूकच. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या डिझेल गाडीत पी-०२९९ निघाला, टर्बोचा दाब कमी. रबरी नळीला बोटभर चीर होती. आणि ही पेट्रोल गाडी.

(दृश्य : बॉनेटखाली कुरतडलेली वायर, आतली तांब्याची तार उघडी.)

पावसाळ्यात उंदीर उबेला बॉनेटखाली येऊन बसतात. पेट्रोल पेटवायला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलची वायर कुरतडली, एक सिलिंडर बंद पडला, गाडी हिसके देऊ लागली, दिवा लुकलुकू लागला. हे मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावं : पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं, लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळत असतं.

(दृश्य : वेताळ टेकडीवरून दिसणारं पुणे, सकाळचा धुरकट पट्टा.)

डिझेल गाड्यांत ही गाळणी सर्रास आली ती बीएस-६मुळे, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या ‘भारत स्टेज’ नियमांच्या सहाव्या टप्प्यामुळे. ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ रोजी दिला. बीएस-५ हा टप्पा देशाने गाळलाच. डिझेल कारमधून निघणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आणलं गेलं. याच टेकडीवर असलेल्या एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) संस्थांमध्ये या गाड्या तपासून प्रमाणित होतात. नियम योग्यच होता, आणि आम्ही पूर्णपणे त्याच्या बाजूने आहोत. गाळणी काढून टाकून कॉम्प्युटर फसवून देणारेही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये असा बदल बसत नाही, आणि ती काजळी पुन्हा रस्त्यावर येते.

आमचा आग्रह विक्रीच्या टेबलावरचा आहे. ‘रोज किती किलोमीटर जाता?’ हा प्रश्न या मालकांना गाडी घेताना कुणी विचारला नाही. याआधी, पहिल्यांदा दिवा लागला होता तेव्हा, सर्व्हिस सेंटरने कोड नुसता पुसून टाकला आणि गाडी धुऊन परत दिली. जॉबकार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिलं : ‘जनरल चेकअप’.

(दृश्य : जॉबकार्ड, त्या ओळीवर बोट.)

ही ओळ महाग पडते. पुढे गाळणीच बदलायची वेळ आली तर बऱ्याच गाड्यांत खर्च लाखाच्या घरात जातो, आणि वॉरंटीचा वाद सुरू झाला की आधीची तक्रार कागदावर नसते. तेव्हा जॉबकार्डवर आपल्या शब्दांत लिहून घ्या : दिवा कधी लागला, ताकद कुठे गेली, कोड कोणता आला. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ११०-अ आलं. एकाच मॉडेलच्या पुरेशा मालकांनी दोष कळवला तर केंद्र सरकार गाड्या परत मागवायला लावू शकतं. सुटी सुटी, तोंडी केलेली तक्रार तिथवर पोचत नाही.

(दृश्य : त्याच गाडीचा ग्लोव्ह बॉक्स. पुस्तिका, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी फाडतात.)

गाडीसोबत मिळालेली पुस्तिका अकरा महिन्यांनी आज उघडली गेली. डबा, दोन नळ्या आणि ठिपके असलेलं चिन्ह तिच्यात आहे. समोर चार ओळी आहेत, इंग्रजीत. मालक त्या मोठ्याने वाचतात, मग बायकोला मराठीत सांगतात.

(दृश्य : पुढच्या रविवारी सकाळी, पुणे-सातारा रस्ता. गाडीच्या आतून.)

आता दर रविवारी ते गाडी इकडे आणतात, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवतात. शेजारी मुलगी बसलीय. तिचं लक्ष डॅशबोर्डवर आहे, दिवा लागला तर बाबांना सांगायचं काम तिच्याकडे आहे.

(दृश्य : खंबाटकीचा चढ. काटा तीन हजारांवर.)